दोन स्त्रिया, दोन कायदे आणि एक बालरुग्णालय

कॅनडाच्या पूर्व भागात, सेंट लॉरेन्स नदीच्या पात्रातील एका मोठ्या बेटावर माँट्रिअल हे शहर वसलेले आहे. क्वेबेक प्रांतातील हे सर्वांत मोठे शहर असून तेथील बहुसंख्य लोकांची भाषा फ्रेंच आहे. या शहरातील कोत-सेंत-कातरीन नावाच्या रस्त्यावर माँट्रिअल विद्यापीठाशी संलग्न असे एक विस्तीर्ण रुग्णालय उभे आहे. बालके आणि गर्भवती माता यांच्या शुश्रूषेला वाहिलेल्या या संस्थेचे नाव सेंत-ज्युस्तीन. तिची स्थापना १९०७ साली झाली.

रुग्णालयाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे नामांकित वैद्य, नवी औषधे आणि उदार देणगीदार यांची नावे सांगावयाची, असा सर्वसाधारण परिपाठ आहे. सेंत-ज्युस्तीनच्या इतिहासातही ही नावे आहेत. परंतु या संस्थेच्या पायाशी दोन लहानसे कायदे आहेत, आणि ते ध्यानात घेतल्यावाचून तिची खरी कहाणी उलगडत नाही. पहिला कायदा १९०३ सालचा, दुसरा १९०८ सालचा. दोन्ही क्वेबेकच्या विधिमंडळाने केले, दोन्ही स्त्रियांसाठी केले, आणि दोन्ही केवळ अपवाद म्हणून केले.

त्या काळचे माँट्रिअल कसे होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे शहर गिरण्या, कारखाने आणि गोद्या यांनी गजबजलेले होते. खेड्यापाड्यांतून माणसांचे लोंढे शहरात येत आणि डोंगराच्या पायथ्याशी पसरलेल्या सखल वस्त्यांतून दाटीवाटीने राहत. हर्बर्ट एम्स या व्यापारी गृहस्थाने १८९६ साली या वस्त्यांची घरोघर पाहणी करविली आणि पुढच्या वर्षी तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सुमारे निम्म्या घरांना अंगणातील शौचकूपाखेरीज दुसरी सोय नाही, असे त्यात आढळून आले. अशा वस्तीत जन्मणाऱ्या मुलांचे काय होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी माँट्रिअलमध्ये जन्मणाऱ्या दर चार अर्भकांपैकी सुमारे एक अर्भक आपला पहिला वाढदिवस पाहत नसे. पाश्चात्त्य जगातील मोठ्या शहरांत इतके भयंकर प्रमाण क्वचितच आढळत होते.

या मृत्यूंचा हंगाम असे तो उन्हाळ्याचा. अतिसाराने मुले पटापट दगावत. त्याचे मुख्य कारण दूध. खेड्यातून येणारे दूध बर्फावाचून आगगाडीच्या डब्यातून येई, उघड्या भांड्यांतून विकले जाई आणि घरी पोहोचेपर्यंत नासण्याच्या बेतात असे. गरीब घरातील आई बाळंतपणानंतर लवकरच कामावर जाई, त्यामुळे अंगावरचे दूध लवकर तुटे आणि तान्ह्याच्या तोंडी हे बाहेरचे दूध लागे. शहरात इंग्रजी भाषिकांच्या पुढाकाराने १९०४ साली मुलांचे एक रुग्णालय सुरू झाले होते. परंतु ज्यांची मुले सर्वाधिक मरत होती, त्या फ्रेंच भाषिक समाजापाशी मुलांचे असे स्वतंत्र रुग्णालय नव्हते.

आता कायद्याकडे वळावयाचे. क्वेबेकमध्ये १८६६ सालापासून जी दिवाणी संहिता अमलात होती, तिच्या ९८६ व्या कलमात करार करण्यास असमर्थ अशा व्यक्तींची यादी होती. त्या यादीत अज्ञान मुले होती, वेडसर माणसे होती, आणि त्यांच्याच पंक्तीला विवाहित स्त्रिया बसविल्या होत्या. अविवाहित प्रौढ स्त्री किंवा विधवा आपली मालमत्ता सांभाळू शके. विवाह होताच मात्र पतीच्या संमतीवाचून तिच्या सहीला किंमत उरत नसे. याच प्रांतात धर्मभगिनींनी शतकानुशतके मोठमोठी रुग्णालये चालविली होती. माँट्रिअलचे पहिले रुग्णालय सतराव्या शतकात झान मान्स या अविवाहित स्त्रीने उभारले. अठराव्या शतकात मार्गरीत द्यूव्हिल या विधवेने स्थापिलेल्या धर्मभगिनींच्या संघाने टाकलेल्या अर्भकांना आसरा दिला. म्हणजे स्त्रीच्या अंगी कर्तृत्व नाही, असे क्वेबेकमध्ये कोणी म्हणू शकत नव्हते. तरीही जी स्त्री संसार मांडी, मुलांना जन्म देई आणि ती मुले गमावी, तिलाच कायदा अज्ञानांच्या रांगेत उभी करीत होता.

विवाहित स्त्रीच्या वाटेत हे एक कुलूप होते. विद्येच्या दारावर दुसरे कुलूप होते, आणि ते विवाहित व अविवाहित असा भेद करीत नसे. क्वेबेक शहरात १८७७च्या सुमारास जन्मलेल्या इर्मा लव्हासर या मुलीने वैद्य होण्याचे मनात धरले, तेव्हा प्रांतातील फ्रेंच भाषेच्या वैद्यकशाळेत स्त्रीला प्रवेश नव्हता. माँट्रिअलच्या सुप्रसिद्ध मॅक्गिल विद्यापीठानेही मॉड ॲबट या बुद्धिमान मुलीला वैद्यकाच्या वर्गात घेण्याचे नाकारले होते. ॲबटबाईंनी दुसऱ्या एका इंग्रजी संस्थेतून १८९४ साली पदवी मिळविली आणि पुढे जन्मजात हृदयविकारांच्या अभ्यासात जगभर नाव कमावले. फ्रेंच भाषिक मुलीला मात्र घराजवळ अशीही वाट नव्हती. इर्मा अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेंट पॉल येथे गेली आणि १९०० साली वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडली. मायदेशी दार बंद म्हणून समुद्रापार अमेरिकेत जाऊन १८८६ साली फिलाडेल्फियाची पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी यांचे चरित्र ज्यांना ठाऊक आहे, त्यांना इर्माच्या या प्रवासाचे मोल वेगळे सांगावयास नको.

पदवी हाती आली, तरी क्वेबेकमध्ये रोगी तपासण्याचा परवाना मिळेना. इर्माने काही काळ न्यूयॉर्कमध्ये काम केले. अखेर १९०३ साली क्वेबेकच्या विधिमंडळाने तिच्या एकटीसाठी एक खाजगी कायदा संमत केला आणि तिला आपल्या प्रांतात वैद्यकी करण्याची मुभा दिली. फ्रेंच कॅनडातील ती पहिली स्त्री-डॉक्टर. स्त्रियांना वैद्यक शिकू द्यावे, असा नियम मात्र त्या कायद्याने केला नाही. दार बंदच राहिले आणि एका बाईपुरती खिडकी उघडली.

त्यानंतर इर्मा युरोपात गेली आणि बालरोगांचा विशेष अभ्यास करून परतली. माँट्रिअलमध्ये अनाथ अर्भकांची जी दुर्दशा तिने पाहिली, तिच्यामुळे मुलांच्या स्वतंत्र रुग्णालयाचा विचार तिच्या मनात पक्का झाला. तिच्यापाशी विद्या होती आणि तळमळ होती. पैसा, घर आणि शहरातील प्रतिष्ठित मंडळींचा पाठिंबा या तीन गोष्टींची उणीव होती. ती भरून काढणारी स्त्री तिला १९०७ साली भेटली.

ज्युस्तीन लाकोस्त-बोबियाँ ही सर अलेक्झांडर लाकोस्त या मुख्य न्यायाधीशांची कन्या. पती लुई बोबियाँ पेढीच्या व्यवसायातले. घरी कशाची वाण नव्हती, मात्र मूल नव्हते. तिची थोरली बहीण मारी जेराँ-लाज्वा हिने वडिलांच्या ग्रंथालयात बसून दिवाणी संहितेचा अभ्यास केला होता आणि १९०२ साली सर्वसामान्य माणसाला, विशेषतः स्त्रियांना कायदा समजावून देणारे पुस्तक लिहिले होते. याच बहिणीने १९०७ साली कॅथलिक स्त्रियांची एक संघटनाही उभी केली. विवाहित स्त्री कायद्याने किती परावलंबी आहे, याचे ज्ञान ज्युस्तीनला बाहेरून मिळवावे लागले नाही. ते तिच्या माहेरच्या घरातच होते.

नोव्हेंबर १९०७ मध्ये इर्मा, ज्युस्तीन आणि त्यांच्या काही मैत्रिणी एकत्र आल्या आणि सेंत-देनी रस्त्यावरील एका घरात मोजक्या खाटांचे रुग्णालय सुरू झाले. ज्युस्तीन अध्यक्षा झाली आणि तिच्याच नावाच्या संतेवरून संस्थेचे नाव ठेवण्यात आले. परंतु या जोडीचे सहकार्य फार दिवस टिकले नाही. अवघ्या काही महिन्यांत, १९०८ च्या आरंभी, इर्मा लव्हासर संस्थेतून बाहेर पडली. संस्थेची कल्पना जिची, तिचेच नाव पुढे अनेक वर्षे तिच्या इतिहासात मागे पडले.

तिकडे ज्युस्तीनसमोर वेगळीच अडचण उभी राहिली. रुग्णालय चालवावयाचे म्हणजे घर भाड्याने घ्यावयाचे, जमीन विकत घ्यावयाची, कर्ज काढावयाचे, नोकर नेमावयाचे आणि देणग्या स्वीकारावयाच्या. या प्रत्येक व्यवहाराला सही लागते. मंडळातील बहुतेक स्त्रिया विवाहित होत्या, आणि दिवाणी संहितेच्या दृष्टीने त्यांची सही पतीच्या अनुमतीवाचून पोकळ होती. प्रत्येक सभेनंतर प्रत्येकीने घरी जाऊन नवऱ्याची परवानगी आणावयाची, तर रुग्णालय कसे चालावे? यावर उपाय म्हणून १९०८ साली संस्थेला कायदेशीर अस्तित्व देणारा अधिनियम विधिमंडळाकडून संमत करून घेण्यात आला. संस्थेच्या कारभारापुरते व्यवस्थापक मंडळातील विवाहित स्त्रियांना पतीच्या अनुमतीची गरज नाही, अशी तरतूद त्यात होती. ज्या सभागृहात एकही स्त्री सभासद नव्हती आणि ज्याच्या निवडणुकीत स्त्रियांना १९४० सालापर्यंत मतही देता आले नाही, त्या सभागृहाने ही सवलत दिली, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु हीही सवलतच होती. ती रुग्णालयाच्या दप्तरापुरती होती. सभा आटोपून घरी गेलेली अध्यक्षा आपल्या उंबऱ्याच्या आत पुन्हा कायद्याने असमर्थ ठरत होती.

या एका तरतुदीच्या बळावर संस्थेने जे साधले ते विस्मयकारक आहे. १९०८ साली रुग्णालय मोठ्या जागेत गेले, आणि १९१४ साली सेंत-देनी रस्त्यावर त्याची स्वतःची इमारत उभी राहिली. परिचारिकांच्या शिक्षणाची सोय आरंभापासूनच करण्यात आली. १९१० साली ‘ज्ञानकन्या’ या अर्थाचे नाव धारण करणाऱ्या फ्रेंच संघाच्या धर्मभगिनी येथे दाखल झाल्या आणि रुग्णालयाची आतली व्यवस्था त्यांनी हाती घेतली. क्वेबेकमधील कॅथलिक रुग्णालये त्या काळी सामान्यतः धर्मसंघांच्याच मालकीची असत. येथे मात्र धर्मभगिनी शुश्रूषा करीत आणि संसारी स्त्रियांचे मंडळ कारभार पाही. ज्युस्तीनने वैद्यकाचे शिक्षण घेतलेले नव्हते. तिने इतर शहरांतील रुग्णालये पाहिली, त्यांची रचना अभ्यासली, हिशेब शिकून घेतला आणि देणग्यांसाठी शहर पालथे घातले.

विद्यापीठाचा संबंधही लवकरच जुळला. बालरोगांचे शिक्षण पुस्तकातून होत नाही, ते खाटेपाशी होते. तान्ह्या मुलाला बोलता येत नाही. त्याचे रडणे, त्याची त्वचा, त्याच्या टाळूचा खळगा आणि त्याचे दुपटे यांवरून वैद्याला रोग ओळखावा लागतो. राउल मासाँ यांच्यासारख्या अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी सेंत-ज्युस्तीनच्या खाटांपाशी शिकू लागले. ज्या वैद्यकशाळेचे हे विद्यार्थी, ती तेव्हा क्वेबेक शहरातील लाव्हाल विद्यापीठाच्या माँट्रिअल शाखेचा भाग होती. १९२० साली ती शाखा स्वतंत्र होऊन माँट्रिअल विद्यापीठ अस्तित्वात आले. येथे एक विसंगती नजरेत भरल्यावाचून राहत नाही. ज्या रुग्णालयाची कल्पना एका स्त्री-डॉक्टरची आणि कारभार स्त्रियांच्या हाती, तेथे शिकावयास येणारे वैद्यकाचे विद्यार्थी सारे पुरुष होते. त्या विद्यापीठातून वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली स्त्री मार्त पेलाँ. तिला ती पदवी १९३० साली मिळाली. इर्मा लव्हासर अमेरिकेतून पदवी घेऊन आली त्याला तेव्हा तीस वर्षे झाली होती.

केवळ खाटा वाढवून मुलांचे मरण थांबत नाही, हे या काळात सर्वांनाच उमगू लागले. रोगी मूल बरे करून घरी पाठवावे आणि त्याने पुन्हा तेच नासके दूध प्यावे, यात काय साधले? म्हणून शहराच्या वस्त्यावस्त्यांतून ‘दुधाचे थेंब’ या अर्थाच्या नावाची केंद्रे उघडण्यात आली. तेथे आयांना स्वच्छ दूध मिळे, मुलाचे वजन होई आणि बाटली कशी उकळावी, अंगावरचे दूध का तोडू नये, हे समजावून सांगितले जाई. तरीही दूध तापवून निर्जंतुक करणे माँट्रिअलमध्ये सक्तीचे झाले ते १९२६ साली. ती सक्तीही किती ढिली होती, याचा प्रत्यय पुढच्याच वर्षी आला. १९२७ साली दुधातून पसरलेल्या विषमज्वराने शहरातील सुमारे पाच हजार माणसे आजारी पडली आणि काही शतके दगावली. त्यानंतरच दुधावरील देखरेख कडक झाली, आणि पुढील दोन दशकांत अर्भकमृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरत गेले.

बालकाची काळजी त्याच्या जन्मानंतर घेऊ लागणे म्हणजे उशीर करणे होय, हा विचारही हळूहळू बळावत गेला. आईच्या पोटात असताना मुलाचे पोषण कसे झाले, प्रसूती कोणत्या परिस्थितीत झाली, यांवर त्याच्या पहिल्या वर्षाचे भवितव्य अवलंबून असते. अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मताच दुसऱ्या रुग्णालयात हलवावयाचे, तर वाटेतच त्याचा जीव जाण्याची भीती. या कारणाने प्रसूतिविभाग सेंत-ज्युस्तीनच्या कार्याचे अविभाज्य अंग बनला, आणि मुलांचे रुग्णालय माता व बालक या दोघांचे झाले. १९५७ साली ही संस्था कोत-सेंत-कातरीन रस्त्यावरील, विद्यापीठापासून जवळच असलेल्या नव्या विशाल वास्तूत आली. शेकडो खाटांच्या या रुग्णालयाच्या अध्यक्षपदी त्या वेळीही ज्युस्तीन लाकोस्त-बोबियाँच होती. तिचे वय ऐंशीच्या घरात होते.

ती एवढ्या मोठ्या वास्तूच्या करारांवर सही करीत होती, त्याच वास्तूच्या दारात रोज शेकडो आया मुलांना कडेवर घेऊन येत होत्या. त्यांची स्थिती काय होती? दिवाणी संहितेप्रमाणे मुलांवरील अधिकार विवाहकाळात पित्यानेच बजावावयाचा होता. त्यामुळे मुलाच्या शस्त्रक्रियेसारख्या प्रसंगी कायद्याला ग्राह्य अशी संमती पित्याची. नऊ महिने ज्या आईने मूल पोटात वाढविले, त्याच्या आजाराचे प्रत्येक लक्षण जिला ठाऊक, तिची सही कागदावर अपुरी ठरे. १९०८ च्या अधिनियमाने संस्थेच्या चालक स्त्रियांना जे दिले, ते त्या संस्थेत येणाऱ्या आयांना दिले नव्हते.

हा पेच सुटण्यास आणखी काही वर्षे लागली. १ जानेवारी १९६१ पासून क्वेबेकमध्ये सरकारी रुग्णालय-विमा सुरू झाला आणि गरीब आईवरचा खर्चाचा भार हलका झाला. त्याच वर्षी क्लेअर कर्कलंड-कासग्रें ही विधिमंडळावर निवडून आलेली पहिली स्त्री ठरली. राजधानीत राहण्यासाठी भाड्याने घर घ्यावयास गेली, तेव्हा भाडेकरारावर पतीची सही आणावी लागेल, असे तिला सांगण्यात आले. जिला प्रांताचे कायदे करण्याचा अधिकार होता, तिला घरभाड्याच्या कागदावर सही करण्याचा नव्हता. तिनेच मांडलेल्या सोळाव्या विधेयकाने १ जुलै १९६४ पासून विवाहित स्त्रीची कायदेशीर असमर्थता दूर केली. ज्या गोष्टीसाठी सेंत-ज्युस्तीनच्या मंडळाला १९०८ साली खास अधिनियम करून घ्यावा लागला, ती आता नियम झाली.

इर्मा लव्हासरला हा दिवस पाहता आला नाही. सेंत-ज्युस्तीन सोडल्यावर ती स्वस्थ बसली नव्हती. १९१५ साली प्रलापक सन्निपाताच्या साथीने सर्बियात हाहाकार उडाला असता ती तेथे धावून गेली आणि युद्धाच्या धुमश्चक्रीत राहून तिने रोग्यांची सेवा केली. मायदेशी परतल्यावर १९२३ साली क्वेबेक शहरात तिने मुलांसाठी आणखी एक रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला. ‘बाळ येशू’चे नाव असलेल्या या संस्थेशीही तिचा संबंध फार काळ टिकला नाही. नंतर ती अपंग मुलांसाठी झटली. तिच्या हाताला संस्था जन्माला घालण्याचे यश होते, त्या सांभाळण्याचे नव्हते. आयुष्याची अखेरची वर्षे तिने दारिद्र्यात आणि विस्मृतीत काढली, आणि जानेवारी १९६४ मध्ये तिचे निधन झाले. ज्युस्तीनने १९६६ साली अध्यक्षपद सोडले. जवळजवळ एकोणसाठ वर्षे ते तिच्याकडे होते. जानेवारी १९६७ मध्ये तीही निवर्तली. अलीकडच्या काळात संस्थेचा इतिहास सांगताना या दोघींची नावे पुन्हा शेजारी शेजारी घेतली जातात, हे योग्यच आहे. एकीला रोग समजत होता, दुसरीला व्यवहार. दोहोंपैकी एकही उणे असते, तर सेंत-देनी रस्त्यावरील ते लहानसे घर रुग्णालय झाले नसते.

मुलांवरील अधिकाराचा प्रश्न मात्र १९६४ च्या कायद्यानेही पुरता सुटला नाही. तो अधिकार संहितेत पित्याच्याच नावावर राहिला. १९७७ साली क्वेबेकने संहितेतील ‘पित्याचा अधिकार’ हे शब्द काढून त्यांच्या जागी ‘मातापित्यांचा अधिकार’ असे शब्द घातले. सेंत-ज्युस्तीनच्या स्थापनेला तेव्हा ७० वर्षे झाली होती. त्या वर्षापासून आजारी मूल घेऊन त्या दारात येणाऱ्या विवाहित आईची सही त्याच्या वडिलांच्या सहीच्या बरोबरीची ठरली.